नाकावरचं ठिगळ

मी बोट बोलतेय. पंचगंगेकाठच्या एका गावची, पुरातनं माणसं काढणारी फायबरची बोट. मी गळतेय हे तीन पावसाळे सांगत होते, पण कुणी म्हणून माझ्यावर विश्वास ठेवला नाही. बोट सांगणार ती पाण्यानंच. तळात घोटाभर पाणी साठवून दाखवायचं, एवढंच माझ्या हातात. तर लोक म्हणायचे, "लाटंचं उडालं असंल." लाट! आमच्या नदीला!

माझा जन्म पेठ वडगावच्या वाटेवरल्या एका पत्र्याच्या शेडमधला. आधी साचा. त्याला मेण चोळलं, मग रंगाचा थर दिला, मग काचतंतूंची पांढरी मॅट आणि तिच्यावर पॉलिएस्टर रेझिन. रेझिन म्हणजे काकवीसारखं दाट, वासानं डोकं उठवणारं. त्यात हार्डनरचे मोजके थेंब पडले की ते तापतं आणि अर्ध्या तासात दगड होतं.

माझे थर दाबायला तानूबाई होती. शाळा चौथीपर्यंतच, पण हार्डनर मापाच्या नळीनंच घालणार. रोलर असा फिरवायची की हवेच्या एका बुडबुड्याची आत राहायची टाप नव्हती. मुकादम चिडायचा, "तानूबाई, सोनाराचं दुकान हाय व्हय हे?"

"सोनं चिरलं तर माणूस मरत न्हाय," ती म्हणायची. "हे चिरलं तर मरतंय."

योग असा, की मी तिच्याच गावाला आले, आणि मला चालवायला नेमला तिचा नवरा दादासो. बोलायला कमी, पण नदी त्याला घरच्या अंगणासारखी ठाऊक. पहिल्याच पुरात आम्ही दोघांनी चाळीस माणसं आणि दोन शेरडं काढली. घर सोडताना माणसं काय उचलतात ते तेव्हा बघितलं मी. एक म्हातारी जात्याचा खुंटा घेऊन आली. एकानं टीव्हीचा रिमोट आणला, टीव्ही घरात बुडालेला. कुणाला हसू नये. घाबरलेला हात जे सापडेल ते धरतो.

आता खरं दुखणं सांगते. दरवर्षी जूनमध्ये सरपंच अमरसिंह माझी पूजा करतात. हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि मग नारळ. नारळ फोडायला घाटावर दगडांचा दुष्काळ नाही. पण फोटोत नारळ आणि बोट दोन्ही यायला पाहिजेत ना! म्हणून हात डोक्याच्या वर नेऊन, सगळा जोर काढून, नारळ माझ्या नाकावर, म्हणजे पुढच्या टोकावर. टाळ्या. फायबरला मार बसला की वरनं कोळिष्टकासारखा बारीक तडा दिसतो, तेवढाच. आत थर सुटलेले असतात. पहिल्या वर्षी तिथंच, दुसऱ्या वर्षी तिथंच.

तानूबाईनं त्या जागेवर बोट फिरवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "सरपंच, नारळ दगडावर फोडा. हिचं नाक तडकलंय."

अमरसिंह हसले. "तुमच्यात नारळ फोडत न्हाईत, म्हणून तुला खुपतंय, तानूबाई."

तिचं घर बौद्धांचं. घाट हसला. ती बोलली होती रेझिनचं, लोकांनी ते धर्माचं करून टाकलं. त्यानंतर ती पूजेला आलीच नाही.

गळती वाढली तशी यंदा सरपंचांनी आकारामला बोलावलं. आकाराम गाड्यांचे बंपर जोडणारा. आला तो पूजेच्या दुसऱ्या दिवशी, भुरभुर चालू असताना. नाक ओलं, त्यावर आदल्या दिवशीचं कुंकू आणि तेल तसंच. घासलं नाही, पुसलं नाही. "ढग हाय, वाळायचं न्हाय. डबल घालूया," म्हणत त्यानं हार्डनर बाटलीतनं सरळ ओतलं. मगातनं धूर आला. पाच मिनिटांत ठिगळ कडक! सरपंच खूश. मला मात्र कळत होतं, ते ठिगळ माझ्या अंगाला धरलेलंच नाही, नुसतं वर बसलंय, पाव्हण्यासारखं.

पूजेनंतर आठवड्यानं पुराची तालीम होती. माझ्यात बारा माणसं. मधल्या धारेत ठिगळ उडालं आणि पाणी पोटऱ्यांपर्यंत चढलं. दादासो ओरडला नाही. "सगळी माझ्याकडं मागं सरका, उभं ऱ्हाऊ नका," एवढंच म्हणाला. मागं वजन आलं, माझं नाक पाण्याच्या वर निघालं, आणि त्यानं मला तशीच काठाला लावली. कुणाचं चप्पलसुद्धा गेलं नाही.

पण ग्रामपंचायतीत ठरलं काय? निघताना दादासोनं बोट घाटाच्या पायरीला धडकवली, म्हणून ठिगळ उडालं. ग्रामसेवकानं अहवाल लिहिला, 'नुकसानीस जबाबदार' पुढं त्याचं नाव घातलं. तो कागद एकदा तालुक्याला गेला की दादासोच्या हातात पुन्हा कुठलीच बोट येणार नव्हती.

"जाऊ दे," दादासो म्हणाला.

"काय जाऊ दे?" तानूबाई कडाडली. "काम गेलं तर मी चार ठिकाणी खुरपायला जाईन. पर बारा जणांस्नी बुडवाय निघालता म्हणून गाव बोलणार, ते ऐकत बसू व्हय मी?"

तिनं ग्रामसेवकाला सांगितलं, "कागद दोन दिस थांबवा. बोट मी सांधते. मग काय ते लिवा."

तिनं मला घाटावरच्या छपराखाली उपडी घातली, दोन दिवस बल्ब लावून वाळवली. आज सकाळी घासायचं मशीन लावलं. आकारामचा उरलेला तुकडा निघाला, खालचं कुंकू निघालं, आणि मग तो तडा दिसला. मधे एक ठोका आणि चहूकडं फाटे. पायरीला धडकले असते तर ओरखडा खालच्या अंगाला लांबलचक असता. हा तर वरच्या अंगाला होता. तानूबाईनं मशीन बंद केलं, सगळ्यांना बोलावलं आणि तड्यात सुई घालून एक तंतू ओढून काढला. नारळाची शेंडी. मार खाताना फायबर उघडलं होतं, आणि पुन्हा मिटताना त्यानं तिला आतच धरून ठेवलं होतं.

सरपंचांनी तो तंतू चिमटीत धरला. "नदीला मान दिला मी. ते चुकलं व्हय?"

"मान नदीला दिला तुम्ही," तानूबाई म्हणाली, "पर मार हिनं खाल्ला. आकारामनं ठिगळ वंगाळ लावलं, ते खरं. पर जखम त्याची न्हवं."

मग तिनं काम हाती घेतलं. कडा उताराच्या केल्या, तेलकटपणा काढणाऱ्या ॲसिटोननं पुसल्या. मॅट कात्रीनं न कापता हातानं फाडली, म्हणजे कडेचे तंतू एकमेकांत मिसळतात. नळीनं हार्डनर मोजलं. ग्रामसेवक घाई करायला लागला, तर म्हणाली, "हार्डनर पडलंय आता. कलेक्टर आला तरी ते येळेआधी वाळायचं न्हाय." एकावर एक चार थर दाबले. अख्खा घाट अर्धा तास उभा होता, ठिगळ वाळायची वाट बघत. शेवटी तिनं नखानं टिचकी मारली. टण्ण.

आता मी उपडीच आहे, नाक अजून कोमट आहे. पावसाला तयार आहे. मला पूजा नको असं नाही. फुलं घाला, कुंकू लावा, बरं वाटतं. पण मी दगड नाही, आणि जी बाई मला हातानं ओळखते तिचं ऐकायच्या आधी तिची जात विचारू नका. पुरात माझ्यात बसणारे तुम्हीच आहात.

ग्रामसेवकानं अहवाल काढला, दादासोच्या नावावर रेघ मारली. पेन तिथंच थांबलं. "मग नाव कुणाचं घालू?" मान वर न करता त्यानं विचारलं. दादासो नदीकडं बघत होता. तानूबाईनं रेझिननं चिकट झालेली बोटं फडक्याला पुसली आणि सरपंचांच्या तोंडावरच म्हणाली, "लिवा. अमरसिंह."