तक्रार नाही

ज्या घरात सकाळी सातला शाळेची बस असते आणि साडेआठला ऑफिसची घाई, त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या जेवणाचं काय करायचं, हा प्रश्न तुमच्या-माझ्यापैकी अनेकांनी कधी ना कधी सोडवलेला असतो. कसा सोडवला, हे मात्र आपण चारचौघांत फारसं सांगत नाही. वृंदा सरदेशमुखने तो पावडरीने सोडवला.

वृंदा एका सरकारी बँकेत अधिकारी. बदली होऊन कोलकात्याला आली त्याला दोन वर्षं झाली होती. बालीगंजमध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, अकरा वर्षांची मुलगी आभा, आणि वर्षापूर्वी सासूबाई गेल्यावर नाशिकहून आणलेले सासरे, जयप्रकाश. नवरा सलील कंपनीच्या कामासाठी तीन महिने बंगळूरला गेला होता. सासरे, म्हणजे घरातले बाबा, मुळातच अबोल, त्यात कवळी टोचायची. दीड पोळी कुस्करून खायला त्यांना पाऊण तास लागे, आणि नेमका तो पाऊण तास वृंदाकडे नव्हता.

डिसेंबरात बँकेच्या कर्मचारी कल्याण समितीने तिच्यावर एक काम सोपवलं. कँटीनमध्ये वनस्पतीजन्य प्रोटीन पावडर ठेवायचा विचार होता. रोजच्या वापराला ती कशी आहे, हे महिनाभर पाहून वृंदाने लेखी अभिप्राय द्यायचा होता. सहा डबे घरी आले. वाटाणा आणि तांदळापासून काढलेली, फिकट हिरवट, जराशी मातकट वासाची भुकटी.

वृंदा कामाला चोख. तिने फ्रिजवर तक्ता चिकटवला. तारीख, वेळ, चमचे, चव, पचन, तक्रार. आभाने दुसऱ्याच दिवशी नाक मुरडलं आणि तिची ओळ रिकामी राहिली. वृंदा स्वतः सकाळी एक पेला घेई. बाबांना मात्र सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन पेले मिळू लागले, वृंदा बँकेत असे तेव्हा दुपारचा पेला कामवाली देई, आणि दोन आठवड्यांत त्यांचं पोळी-भाजीचं ताट बंदच झालं. चावायला नको, सांडायला नको. पेला समोर ठेवला की बाबा तो मुकाट्याने संपवत. रोज त्यांच्या ओळीत शेवटच्या रकान्यात ती लिही, ‘तक्रार नाही.’

तिसऱ्या आठवड्यात घर बदलल्यासारखं झालं. नेमकं काय बदललं ते तिला सांगता येईना. जानेवारीचं धुरकट धुकं दुपारचे बारा वाजले तरी खिडकीवरून हटत नसे. समोरची इमारत पुसल्यासारखी दिसेनाशी होई. स्वयंपाकघरात फोडणीचा वास उरला नव्हता, आणि त्या रिकाम्या जागेत एक दुसराच वास येऊन बसला होता. उग्र, अमोनियासारखा. तो बाबांच्या खोलीतून यायचा. वृंदाने चादरी बदलल्या, फरशी फिनेलने पुसून घेतली. वास जिथल्या तिथे.

बाबा दिवसभर पलंगावर बसून असत. अधूनमधून त्यांना उचकी लागे, ती तासभर थांबत नसे. हातापायांवर खाजवल्याच्या लांब रेघा उमटल्या होत्या. आणि ते बोलू लागले होते. वर्षभरात जे चार वाक्यं सलग बोलले नव्हते, ते आता पलंगासमोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हळू आवाजात बोलत राहायचे. मध्येच थांबायचे, जणू पलीकडून उत्तर येतंय. मग मान हलवायचे.

“कोणाशी बोलताय, बाबा?” तिने एकदा दारातून विचारलं.

“सुलभाशी,” ते सहज म्हणाले. “ती म्हणतेय, माझे कागद शोध.”

सुलभा म्हणजे वर्षापूर्वी गेलेल्या सासूबाई. “शोधते हं,” वृंदा म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

रात्री फोनवर तिने सलीलला सांगितलं. तो म्हणाला, “वय झालंय गं. आईची आठवण येत असेल. जेवण नीट जातंय ना?”

“एक थेंब टाकत नाहीत पेल्यात.”

“मग झालं तर.”

दोन दिवसांनी संध्याकाळी, शेजारच्या घरातून शंख वाजत होता तेव्हा, आभा स्वयंपाकघरात येऊन तिला चिकटून उभी राहिली. बदल्यांच्या गावांत वाढलेली पोर, तिचं मराठी अडखळत यायचं. “आई, आजोबा कोणाला टाटा करतात?”

“कोणाला म्हणजे?”

“खुर्चीला. हात असा करतात. खुर्चीवर कोणी नाहीये, तरी टाटा करतात.”

वृंदा जाऊन दारात उभी राहिली. खोलीत दिवा लावलेला नव्हता. बाबांनी हात पुढे धरला होता आणि पंजा मनगटातून गळून खाली पडत होता, पुन्हा झटक्याने वर उठत होता. पडे, उठे, पडे, उठे. निरोप द्यावा तसा. किंवा कोणाला जवळ बोलवावं तसा. त्यांचा चेहरा मात्र अगदी शांत होता.

दुसऱ्या दिवशी घरकाम करणाऱ्या शेफालीदीने त्या खोलीत पाऊल टाकायला नकार दिला. “बौदि, उस घर में कोई आता है,” झाडू दाराशी टेकवून ती म्हणाली; वृंदा तिची बौदि, म्हणजे वहिनी, आणि बाबा दादू, म्हणजे आजोबा. “दादू को लेने आता है. हम नहीं जाएगा.” वृंदा तिच्यावर रागावली. पण त्या दिवशी संध्याकाळचा पेला खोलीत नेताना तिने स्वतः खुर्चीकडे पाहिलं नाही, हेही खरं. पेला ठेवला, पाच मिनिटांनी रिकामा उचलला, आणि तक्त्यात रोजचेच दोन शब्द लिहिले.

संक्रांतीनंतरच्या रविवारी दुपारी केतकीताई तिळगूळ द्यायला आल्या. केतकीताई बेहालाला राहत. नवरा सैन्यात, शेवटची नेमणूक फोर्ट विल्यमची, मग इथेच स्थायिक झाले. त्या स्वतः सव्वीस वर्षं रुग्णालयात आहारतज्ज्ञ होत्या, त्यातली बरीचशी मूत्रपिंडाच्या रुग्णांमध्ये गेलेली. बाई मोजकं बोलणाऱ्या. कोलकात्यातल्या मराठी मंडळींत त्यांचा शब्द सगळे मानत.

“काकांना पण देते,” असं म्हणून त्या थेट बाबांच्या खोलीत गेल्या. उंबऱ्यावरच थबकल्या आणि त्यांनी एकदा दीर्घ श्वास घेतला. वृंदाला वाटलं, यांनाही काही जाणवलं.

“काका, तिळगूळ घ्या.”

बाबांनी हात पुढे केला. पंजा गळून पडला, तिळगूळ फरशीवर घरंगळला.

केतकीताईंनी तो उचलला नाही. त्या खाली बसल्या. “काका, दोन्ही हात सरळ करा. पंजे वर. पोलीस गाडी थांबवतो ना, तसे.” बाबांनी केले. दोन्ही पंजे फडफडू लागले, पंख तुटलेल्या पाखरासारखे. केतकीताईंनी त्यांच्या तोंडाजवळ वाकून वास घेतला. दंडावरच्या रेघा पाहिल्या.

“वृंदा, यांना काय काय देतेस खायला?”

वृंदाने जवळजवळ अभिमानाने डबा आणून दाखवला. “रोज तीन पेले. पूर्ण वनस्पतीजन्य आहे, ताई. नैसर्गिक.”

“धोतराही नैसर्गिकच असतो,” केतकीताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण वृंदाचा हात डब्यासकट खाली आला. “पाणी किती पितात?”

“मागत नाहीत.”

“यांच्या किडनीचे जुने रिपोर्ट कुठे आहेत?”

“किडनीचं? नाही हो, शुगर आहे फक्त.” आणि बोलता बोलताच तिला बाबांचं वाक्य आठवलं, ते तिने ताईंनाही सांगितलं. माझे कागद शोध.

नाशिकहून आलेली सासूबाईंची पेटी अजून उघडलेलीच नव्हती. केतकीताई खाली गाडी मागवत होत्या तेवढ्यात वृंदाने ती उपसली. साड्यांच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत फाइल होती. दोन वर्षांपूर्वीचा कागद. दोन्ही मूत्रपिंडांचं काम बरंच कमी झालं आहे, प्रथिनं मोजून द्यावीत, दर तीन महिन्यांनी तपासणी करावी. समासात सासूबाईंच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं, ‘वरण लहान वाटीने एकदाच. पाणी हे मागत नाहीत. विचारून द्यावं.’

वृंदाने फाइल काखेत मारली आणि ती बाबांना उठवायला गेली.

रुग्णालयात डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मग घाई सुरू झाली. मूत्रपिंडांनी बाहेर टाकायची घाण रक्तात साठून मेंदूपर्यंत पोचली होती. उचकी, खाज, तो वास, हातांची फडफड, खुर्चीवरची सुलभा, सगळं त्यातलंच. दोनदा डायलिसिस करावं लागलं. आणखी चार-पाच दिवस गेले असते तर, असं म्हणून डॉक्टरांनी वाक्य तिथेच सोडलं.

बाहेरच्या बाकावर वृंदाने केतकीताईंना विचारलं, “मी त्यांना विष पाजत होते का?”

“नाही. पावडर विष नाही. धडधाकट माणसाला, ज्याचं डाळ-उसळीने भागत नाही त्याला, ती उपयोगी पडते. तू एक पेला घेत होतीस, तुला काय झालं? पण यांची मूत्रपिंडं आधीच थकलेली. त्यात तिप्पट ओझं, आणि पाणी तोडलेलं. कोणी घ्यायची, किती, आणि ती कशाच्या जागी येतेय, हे न विचारता कुठलीच गोष्ट रोजची करू नये. तुझ्या घरात ती ताटाच्या जागी आली, वृंदा. आणि ताटासोबत समोर बसणारं माणूसही गेलं.”

“पण ते एकदाही काही बोलले नाहीत हो.”

“बोलले ना. कागद शोध म्हणाले.”

“ते तर आई म्हणतात असं...”

केतकीताईंनी काचेपलीकडच्या बाबांकडे पाहिलं. “भास होते, हे खरं. पण काही जाणीव शिल्लक असते माणसाला. चाळीस वर्षं त्यांची तक्रार त्यांच्या वतीने सुलभाताईच बोलत असणार. स्वतःची तक्रार स्वतः करायची, आणि तीही सुनेच्या घरी, हे त्यांना जमलंच नसेल. कोण जाणे. मला एवढंच कळतं, की म्हातारं माणूस गप्प झालं की आपण सुटकेचा श्वास घेतो. तेव्हाच खरं घाबरायला हवं.”

बाबा बाराव्या दिवशी घरी आले. खुर्चीबद्दल त्यांना काहीही आठवत नव्हतं. सलील पहिल्याच दिवशी विमानाने आला होता आणि त्याने उरलेलं काम घरून करायची परवानगी मिळवली. शेफालीदी मऊ भात आणि दुधी शिजवू लागली, केतकीताईंनी लिहून दिलेल्या मापाने. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं पाणी कोणी ना कोणी विचारून देऊ लागलं.

फेब्रुवारीत समितीची बैठक झाली. वृंदाचा तीन पानी अभिप्राय तयार होता, स्तुतीने भरलेला. तिने तो बाजूला ठेवला आणि फ्रिजवरचा तक्ता टेबलावर पसरला. एकतीस दिवस, एकतीस वेळा तेच दोन शब्द. मग काय घडलं ते तिने सांगितलं.

“कँटीनमध्ये ठेवायला माझी हरकत नाही,” शेवटी ती म्हणाली. “पण मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, अशी पाटी तिथे हवी. आणि जेवणाच्या सुट्टीऐवजी ती कोणी घेऊ नये.”

मागच्या रांगेतले उदयबाबू साहा उठून उभे राहिले. चेहरा पांढराफटक. “मिसेस सरदेशमुख,” ते हिंदीत म्हणाले, “मी पण आईला हीच देतोय. दिवाळीपासून, बाजारातून आणून. ती बेहालाला एकटी असते.” ते रांगेतून बाहेर आले. “हल्ली ती फार शांत झाली आहे.”

“फोन करू नका,” वृंदा म्हणाली. “फोनवर ती ठीक आहे म्हणेल. तुम्ही जा.”

उदयबाबू बॅग तिथेच टाकून निघाले. जिन्यावरून त्यांच्या धावत उतरण्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. आई त्या दिवशी खरंच ठीक निघाली, फक्त अशक्त होती आणि महिन्यात कोणाशी धड बोलली नव्हती. उदयबाबूंनी संध्याकाळी तिच्यासमोर बसून भात खाल्ला, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

वाचकहो, डब्यावर काय लिहिलंय ते वाचायलाच हवं. पण ज्याला द्यायचं त्या माणसाच्या अंगावर, तोंडावर, गप्प बसण्यावर काय लिहिलंय, ते डबा वाचून कळत नाही. त्यासाठी त्याच्यासमोर बसावं लागतं. आपल्या घरातलं वडीलधारं माणूस आज गप्प असेल, तर ते सुखात आहे असं समजून दार ओढून घेऊ नका. आत जा, आणि विचारा.