सहा इंच

दोरी पुन्हा आखूड पडली.

तिनं दोरी हातावर गुंडाळली, पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत परत ताणली, जिथं संपली तिथं पेनानं खूण केली. मग तीच दोरी दुसऱ्या दोन कोपऱ्यांना लावली. खूण मागच्या खांबापर्यंत पोचेना. मधे चांगली मोठी फट राहत होती. वीतभर नव्हे, पण वीत भरायला फार काही कमी नव्हतं.

"तुम्ही नीट धरलंय ना टोक?"

"अगं, धरलंय. बोटाला वळ उठलेत," नवरा म्हणाला. तो टपाल खात्यात पत्रांची छाननी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी उन्हात उभं राहणं त्याला मुळीच पसंत नव्हतं. "चारही बाजू मोजल्यास ना? बरोबर आहेत ना? मग झालं तर."

"बाजू बरोबर आहेत. कोपरे नाहीत."

"म्हणजे?"

ती कपड्यांच्या कारखान्यात कापणीला होती. गळ्यात कायम टेप असायची, म्हणून तिथं सगळे तिला इंचीताई म्हणत. शाळेच्या गणवेशांचे चाळीस-चाळीस थर एकावर एक टाकून ती कापायची. कापड तिरपं गेलंय का हे बघायला ती कोपऱ्यावर कोपरा आणून ठेवायची. घर काही दुमडून बघता येत नव्हतं, म्हणून दोरी.

"घर सरळ उभं नाहीये," ती म्हणाली. "मागं जाता जाता एका अंगाला कललंय. वरून बघितलं तर शंकरपाळ्यासारखं दिसेल."

नवऱ्यानं आजूबाजूला पाहिलं. सहा खड्डे, त्यांतून गुडघ्याएवढे वर आलेले सहा खांब, त्यांच्या डोक्यावर बाहेर आलेल्या गंजक्या सळ्या. अजून घर म्हणावं असं काहीच नव्हतं. "मला तर काही दिसत नाही," तो म्हणाला.

हे घर बांधायला काढेपर्यंत त्यांनी चार खोल्या बदलल्या होत्या. प्रत्येक वेळी कपाट जिन्यातून वळेना म्हणून त्याचे पाय काढावे लागायचे, आणि आता ते कपाट कायमचं डुगडुगत होतं. सध्याची खोली घरमालकाला तीन महिन्यांत परत हवी होती. त्याची लेक परत येणार होती. थांबायला वेळ नव्हता, आणि दोरी तर आखूड होती.

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी ती साइटवर गेली. मिस्त्री आलेले होते. सत्तरीच्या आसपासचा, वाळलेल्या लाकडासारखा माणूस. बोलणं कमी. ठेकेदारानं त्यांचं नाव घेतलं तेव्हा कान पकडले होते. "ताई, मी त्यांच्या हाताखाली शिकलोय. तुमचं नशीब समजा."

"मिस्त्री," ती म्हणाली, "मला जरा कर्ण मोजून दाखवता का? दोन्ही."

सळ्या वाकवत बसलेल्या दोन मजुरांनी मान वर केली. मिस्त्रींनी कपाळावरचा घाम पुसला. "मोजलंय ताई. आखणीच्या दिवशीच मोजलंय."

"माझ्या समाधानासाठी."

ते उठले. पोलादी टेपचं टोक मजुरानं कोपऱ्यातल्या सळईला लावलं, मिस्त्री टेप उलगडत मागं आले. ती त्यांच्या बाजूलाच उभी होती. त्यांनी टेप ताणली, अंगठा दाबला आणि मान जराशी डावीकडं वळवली. मग उजवीकडं. टेप लांब धरली, जवळ आणली. "चौतीस फूट दोन," ते म्हणाले.

दुसऱ्या कर्णाला तसंच. अंगठा दाबला, मान तिरपी केली. "चौतीस-दोन. बघा. जुळलं."

त्यांचा अंगठा चौतीस फूट आठ इंचांवर होता.

तिनं अंगठ्याकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं. कारखान्यात पन्नाशी ओलांडलेल्या बायका सुईत दोरा ओवताना अशीच मान करायच्या, आणि विचारलं तर म्हणायच्या, आज उजेडच नाही. पण इथं तर डोक्यावर ऊन होतं. मजूर बघत होते. तिच्या जिभेवर आलेला आकडा तिनं गिळला.

"बरं," ती म्हणाली, आणि निघाली.

ठेकेदार त्याच्या दुसऱ्या साइटवर सापडला. फोनवर कोणाला तरी वाळूवरून झापत होता. तिनं सांगितलं तसा त्यानं फोन खिशात टाकला आणि बुटानं जमिनीवरचा खडा इकडून तिकडं केला.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"थोडं थोडं." तो वर बघेना. "ताई, मला थापी धरायला त्यांनी शिकवलं. आता मी त्यांना काय सांगू, तुम्ही घरी बसा? म्हणून लहान लहान कामं देतो. वर चढायचं नाही, जोखीम नाही. पाया म्हटलं तर त्यांचा हात कधी चुकत नाही."

"म्हणून माझ्या घरावर बघायचं का, चुकतो की नाही?"

"प्लास्टरमध्ये घेऊ की सांभाळून. भिंतीच्या आतल्या अंगाला जाडी वाढवली की कोणाला कळणार?"

"मला कळेल. फरशी टाकाल तेव्हा प्रत्येक खोलीत एका बाजूला पाचर निघेल. कपाट भिंतीला टेकणार नाही. मी मरेपर्यंत ती फट बघत बसू?"

ठेकेदार म्हणाला, "तोडायचं तर तुम्हीच सांगा त्यांना. माझ्याच्यानं नाही होणार."

त्या आठवड्यात तिला कशातच लक्ष लागेना. खोलीत आली की उगाच दाराची चौकट मोजायची, टेबल मोजायची. जेवता जेवता उठून भिंतीच्या कोपऱ्यात पट्टी लावून बघायची. नवरा आधी हसला, मग चिडला.

"अगं, जग काय काटकोनात चाललंय का? सहा इंच. सहा इंचांनी काय आभाळ कोसळतंय?"

"मग सांगू नको?"

"सांग. पण सांगितल्यावर ते काम सोडून गेले, नवा माणूस मिळाला नाही, तर तीन महिन्यांनी आपण कुठं जायचं तेही सांग."

त्याचंही खोटं नव्हतं. ती सांगायचं ठरवून साइटवर जायची आणि सिमेंटच्या गोण्या झाकल्यात का, खांबांवर पाणी मारलंय का, असलं काहीतरी विचारून परत यायची. मिस्त्री तिला आवाजावरून ओळखत होते हे आता तिला कळायला लागलं. ती न बोलता जवळ गेली, तर ते बोलत नसत.

गुरुवारी कारखान्यात गोंधळ झाला. शिलाईच्या बाजूनं एकच हसणं उठलं. तिनं कापलेल्या गठ्ठ्यातल्या सगळ्या बाह्या डाव्या होत्या. कापड पालथं टाकायला ती विसरली होती. चाळीस शर्ट, ऐंशी डाव्या बाह्या. देखरेखीचा माणूस म्हणाला, "इंचीताई, पोरांना दोन्ही हात एकीकडं असतात वाटतं तुमच्या शाळेत." तीही हसली. अठरा वर्षांत पहिल्यांदा चूक झाली म्हणून कोणी तिला रागावलं नाही. कापड आणून दिलं, तिनं परत कापलं.

सुट्टी होताच ती बसनं मिस्त्रींच्या घरी गेली.

घर म्हणजे दोन खोल्या, पण भिंती अशा की बघत राहावं. सून दारात आली. "मामंजी आत आहेत. आजच लवकर आले. डोकं दुखतंय म्हणाले."

मिस्त्री खाटेवर बसले होते. ती इकडचं तिकडचं काही बोलली नाही. सुरुवात केली असती तर परत सिमेंटच्या गोण्यांवरच गेली असती.

"मिस्त्री, त्या दिवशी दुसरा कर्ण चौतीस-आठ होता."

सून पाणी घेऊन आली होती, ती तशीच परत गेली.

"मजुरांसमोर का नाही बोललात?" त्यांनी विचारलं.

"नाही बोलवलं."

"हं." त्यांनी खाटेची कड चाचपली. "मधलं दिसत नाही. कडेचं सगळं दिसतं. आता तुमचे कान दिसतात बघा, चेहरा नाही. डॉक्टर म्हणाला, आतला पडदा झिजलाय, चष्म्यानं भागणार नाही. ज्याच्याकडं बघावं तेच नेमकं जातं."

"कधीपासून?"

"दीड वर्ष. ओळंबा हाताला कळतो. पातळी कळते. विटेचं काम तर मी डोळे मिटून करीन. एवढे टेपवरचे आकडे... कोपऱ्यात इंचभर चुकलं असणार. मागं जाईस्तोवर त्याचे पाच झाले."

"ठेकेदार म्हणतात, प्लास्टरमध्ये घेऊ."

"तो म्हणाला असं?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "मी शिकवलं त्याला हे?" मग त्यांनी भिंतीकडं तोंड वळवलं. "तुम्ही या आता, ताई."

तीन दिवस मिस्त्री आले नाहीत. मजूर येऊन बसायचे आणि दुपारी निघून जायचे. ठेकेदार फोन उचलेना. नवरा एकदा कपाटाखाली घडी करून घातलेला कागद नीट सरकवताना म्हणाला, "बोलण्यानं तुटलं की परत जुळत नाही." ती खोलीतून बाहेर जायची, परत आत यायची. आपण एका माणसाचा आधार काढून घेतला आणि बदल्यात आपल्यालाही काही मिळालं नाही, हेच तिच्या डोक्यात फिरत होतं. बरोबर असूनही इतकं वाईट वाटू शकतं, हे तिला माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी ती साइटच्या वळणावर आली, तर घणाचे ठोके ऐकू आले.

मिस्त्री एकटेच होते. बनियनवर. मागच्या उजव्या खांबावर घण घालत होते. मजूर बाजूला अवघडून उभे. एकानं घण मागायला हात पुढं केला, त्यांनी तो कोपरानं सारला. कडेचा पहिला टवका उडेपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. मग दम लागला तसा घण दिला आणि खड्ड्याच्या काठावर बसले.

"चार तोडायचेत," ते म्हणाले. तिच्या चपलांचा आवाज त्यांनी ओळखला होता. "पुढचे दोन ठीक आहेत. मधले दोन अर्ध्यानं चुकलेत, मागचे पुरते. खालपासून उकरायचं. वरच्यावर नाही."

"मिस्त्री, तुम्ही नुसते बसलात तरी चालेल..."

"ताई, माझं काम आहे. मीच तोडणार." मग थोड्या वेळानं, "तुम्हाला किती दिवस सुट्टी मिळेल?"

"दोन दिवस मिळेल."

"आकडे तुम्ही वाचायचे. बाकी मी बघतो. आणि मोठ्यानं वाचायचे, मजुरांना ऐकू जाऊ दे."

खांब उकरून झाल्यावर ते दोन दिवस ती टेप धरून उभी राहिली. मिस्त्री दोरी छेडून दोरीच्या आवाजावरून ताण बघायचे, ओळंबा सोडून बोटानं त्याची झुलण थांबवायचे, आणि म्हणायचे, "वाच." ताईवरून ते कधी एकेरीवर आले हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. ती वाचायची. ते खुंटी दोन सुतं इकडं, एक सूत तिकडं हलवायचे. "परत वाच." एकदा ती घाईनं बोलली तेव्हा ते म्हणाले, "घाई कोणाला आहे? घरात राहायचं कोणाला आहे?" दुसऱ्या दिवशी ऊन उतरता उतरता दोन्ही कर्ण चौतीस फूट पाच इंच आले. तिनं मोठ्यानं वाचलं. मजुरांपैकी एकानं दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारली. मिस्त्रींनी तिला पाच वेळा परत मोजायला लावलं.

नव्या खांबांचं आणि जोत्याचं काम त्यांनीच उभं राहून करून घेतलं. जोतं पुरं झालं त्या दिवशी हात धुताना ठेकेदाराला म्हणाले, "भिंतींना दुसरा बघ." ठेकेदारानं नाही-नाही म्हटलं, पण फार नाही म्हटलं.

खोली वेळेत काही सोडता आली नाही. घरमालकानं तोंड वाकडं करून महिनाभर मुदत दिली. नवा मिस्त्री आला. तरुण, गळ्यात गाणी लावलेला फोन, हात झपझप चालणारा. आल्या आल्या त्यानं स्वतःच सगळं मोजलं आणि ठेकेदाराला म्हणाला, "कोणी काढलीय आखणी? सुताचाही फरक नाही. आजकाल असं काम कोण करतं?" ठेकेदारानं नाव सांगितलं. त्यानं ते पूर्वी ऐकलं नव्हतं.

विटांचा ट्रक आला त्या दिवशी ती रजा घेऊन साइटवर थांबली होती. दोघं वरून विटा देत होते, दोघं खाली झेलून रचत होते. धूळ उडत होती. रस्त्याच्या कडेला मिस्त्री उभे होते, इस्त्रीच्या शर्टात, पायांत बूट. कधी आले कोणाला कळलं नाही.

"ओ आजोबा," नवा मिस्त्री ओरडला, "जरा तिकडं सरका. वीट लागेल."

तिनं तोंड उघडलं. मिस्त्रींनी तिच्या दिशेनं नुसता हात हलवला, राहू दे म्हणून, आणि चार पावलं मागं झाले.

ट्रक रिकामा होईपर्यंत ते तिथंच होते. थप्पीवरून दोन विटा घरंगळून त्यांच्या बुटांपाशी आल्या. वाकून त्यांनी त्या चाचपडत उचलल्या, एकीच्या धारेवरून अंगठा फिरवला. मग दोन्ही एकमेकींवर हलकेच आपटून कान लावला. खणकन आवाज आला. त्यांनी परत एकदा आपटल्या.

"चांगल्या भाजल्यात," ते म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही. मग रचलेल्या विटांची कड हातानं शोधून त्यांनी त्या दोन्ही विटा नीट जागेवर लावल्या, तळव्यांची लाल धूळ झटकली आणि रस्त्याच्या कडेकडेनं बसच्या थांब्याकडं चालायला लागले.