बसवण्यासाठी आणलेली खुर्ची

मी एक प्लास्टिकची खुर्ची, निळी, दोन हातांची. तेलंगणातल्या तामसी मंडलात, एका कापूसवाल्या घरात राहते. दुकानात असताना आम्ही बहिणी एकमेकींच्या मांडीवर इतका काळ बसून होतो, की आयुष्य म्हणजे हेच असं मला वाटायचं.

मग देवानंदने मला आदिलाबादहून आणलं आणि आईसमोर ठेवलं. "आई, आता खाली बसू नको अन् उठूबी नको. काय लागलं तं आवाज दे."

विमलबाईंचे गुडघे कुरकुरायला लागले होते. आणि या घरात माया करायची म्हणजे माणसाला जागचं हलू द्यायचं नाही. चहा जागेवर, ताट जागेवर, तांब्याही जागेवर. वर्षभरात त्यांचं वजन वाढलं ते सगळ्यात आधी मला कळलं. पण खुर्चीला विचारतं कोण?

त्यातच बायकांना बस फुकट झाली. भैंशाला विमलबाईंची धाकटी बहीण ताराबाई राहते. आता जायला अडचण कसली? तर बसची पहिली पायरीच चढवेना. एकदा मागून दोघींनी ढकलून चढवलं, तेव्हापासून त्यांनी बसचं नाव टाकलं.

शेवटी सून रुपा त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या व्यायामाच्या मॅडम म्हणे म्हणाल्या, गुडघे अजून झिजले नाहीत, पण मांड्यांत जोर राहिला नाही तर झिजायचा धोका आहे. औषध? खुर्ची! ती भिंतीला टेकवायची, हात न लावता उठायचं, सावकाश बसायचं. बसल्या बसल्या एकेक पाय सरळ करून थोडा धरायचा. "मेल्लगा, मेल्लगा," म्हणजे हळूहळू. जास्त दुखलं तर थांबायचं.

मला धक्काच बसला. बसवणं हा माझा धंदा, आणि आता माझी किंमत ठरणार लोकांच्या उठण्यावर!

रुपा लेकरू कडेवर घेऊन समोर उभी राहायची. "आई, हात नाई लावाचा." ती वळली की विमलबाई माझे हात घट्ट धरायच्या. खरं सांगू? मला ते आवडायचं.

एक दिवस शेजारच्या कौशल्याबाई दारात उभ्या. "काय वं विमल, या वयात शाळंत नाव घातलं काय? सून कवायत घेऊन राह्यली तुही!"

"खुर्ची डगमगते काय, पाहून राह्यली," विमलबाई म्हणाल्या आणि बसल्या त्या बसल्याच.

गावभर झालं, रुपा सासूला उठाबशा काढायला लावते. रुपा घाबरली. आपण चांगलं करतोय की वाईट, ते मोबाईलवर शोधत बसली. मोबाईलने दोन्ही सांगितलं. व्यायाम बंद पडला. माझी मांडी पुन्हा भरली.

मग ताराबाईंचा फोन आला. "बाई, बस फुकट हाय तरी तुह्यानं येनं होत नाई? माह्या डोळ्याचं आप्रेशन झालं. आता पट्टी बांधून मीच येऊ काय तुले पाहाले?"

विमलबाईंनी फोन ठेवला. मग त्यांनी दार सताड उघडलं, माझ्यावर बसल्या आणि उठल्या. माझ्या हातांकडे पाहिलंही नाही.

कौशल्याबाई जाता जाता थांबल्या. "अजून डगमगते काय?"

"खुर्ची पक्की हाय वं. मीच डगमगतो."

कापूस वेचून होईपर्यंत हे चाललं. मध्ये कधी दुखलं की सुट्टी, कधी नुसताच कंटाळा. आणि एका सकाळी विमलबाईंनी पिशवी भरली.

देवानंद मला डोक्यावर घेऊन थांब्यावर आला. "हिच्यावर पाय ठेव अन् चढ."

"अन् सरकली तं?" रुपाचा जीव खालीवर.

बस आली. देवानंदने मला दाराशी लावलं. विमलबाईंनी मला पायाने बाजूला सारलं, दांडी धरली, पाय पायरीवर ठेवला. क्षणभर अंग तिथेच अडलं. मग वर गेलं. ढकलायला कोणी नव्हतं. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी एवढ्या मानाने कधी टाकली गेले नव्हते.

बस गेली. आईच्या काळजीने दमलेला देवानंद हुश्श करत माझ्यावर बसला. त्याच्याही गुडघ्यात कट् झालं.

बाबांनो, आमच्यावर जरूर बसा, त्यासाठीच आम्ही आहोत. फक्त उठताना आमचे हात आमच्यापाशीच राहू द्या.

"अवो, उठा," रुपा म्हणाली. "हात नाई लावाचा."

तो उठायच्या बेतात आहे.