चालकाशी बोलू नये

नत्थूजींनी एकतीस वर्षं एसटी चालवली, आणि त्या एकतीस वर्षांत मनकर्णाबाईंनी नवऱ्याचं तोंड कमी आणि मान जास्त पाहिली. हिंगणीहून वर्ध्याला यायचं असो की आष्टीला बहिणीकडे जायचं असो, त्या नवऱ्याची ड्यूटी पाहूनच गाडी धरायच्या आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायच्या. मानेवरचा तीळ, कॉलरीखालचा रुमाल, उन्हाळ्यातलं घामोळं, सगळं त्यांना पाठ. पण बोलायची सोय नव्हती. समोर पाटी होती, 'चालकाशी बोलू नये', आणि नत्थूजी ती देवाच्या आज्ञेसारखी पाळायचे. पोरगा कैलास दहावी पास झाला, त्या दिवशी बाई सेलूपासून तोंड उघडायला बघत होत्या, तर नत्थूजींनी आरशातून असे डोळे वटारले की बस! बापाला निकाल कळला तो वर्ध्याच्या डेपोत, इंजिन बंद झाल्यावर. तोपर्यंत गाडीतल्या चाळीस लोकांना तो कळून चुकला होता.

रिटायर झाल्यावर नत्थूजींनी एक जुनी व्हॅन घेतली. बोरगाव मेघेला कैलासच्या घरी ते दोघं राहायला आले आणि नात इला शाळेत जायला लागली, तशी सकाळची ड्यूटी पुन्हा सुरू झाली. सून काजल गाडी शिकलेली होती, लायसन होतं, पण व्हॅनच्या किल्लीला हात लावायची तिची टाप नव्हती. किल्ली नत्थूजींच्या शर्टाच्या खिशात. आणि व्हॅनमध्येही कायदा तोच. गाडी सुरू, तोंड बंद.

तर असं सगळं बरं चाललं होतं. महाशिवरात्रीच्या आधी गावात डोळ्यांचं शिबिर झालं. नत्थूजी आत गेले, मनकर्णाबाई दाराशी बाकावर बसल्या. मधे नुसता पडदा. पडद्याने का कान झाकता येतात? डॉक्टर बोलले ते त्यांनी अक्षर न् अक्षर ऐकलं. डाव्या डोळ्यात काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायला थेंब टाका आणि गाडी चालवणं आजपासून बंद करा. नत्थूजी बाहेर आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "नंबर बदलला म्हणते. थंडाव्याचे थेंब देल्ले. बाकी काई नाई."

बाईंनी नुसतं 'हाव' म्हणत मान डोलावली.

आता कोणी म्हणेल, तिथल्या तिथे का नाही पकडलं? कैलासला का नाही सांगितलं? अहो, कैलासचा स्वभाव काय त्यांना माहीत नव्हता? त्याने त्याच संध्याकाळी बापाच्या खिशातून किल्ली काढून घेतली असती. आणि ज्या माणसाने एकतीस वर्षांत एक कोंबडी चिरडली नाही, त्याच्या हातातून स्टेरिंग हिसकावलं की माणूस बसल्या जागी म्हातारा होतो. किल्ली त्यांनी आपल्या हातानं ठेवली पाहिजे, असं बाईंनी मनाशी ठरवलं. पण ते ठेवेपर्यंत व्हॅनमध्ये इला बसणार, त्याचं काय?

दुसऱ्या दिवसापासून मनकर्णाबाई रोज सकाळी व्हॅनमध्ये नवऱ्याच्या डाव्या बाजूला बसायला लागल्या. कधी भाजी आणायची म्हणून, कधी देवळात जायचं म्हणून. आणि बसल्या की बोलायला लागल्या. थांबायचं नावच नाही.

"बाई, थे सायकलवाली पोरगी कोनाची वो? पाहा ना, कशी मधातून चालून राह्यली!"

"हे पाहा, बकऱ्या सुटल्या गुप्त्याच्या. डाव्या अंगानं येऊन राह्यल्या."

"माय माय, तो बुढा काऊन उभा असन तठी कडेले?"

नत्थूजी आधी चकित झाले, मग चिडले. "तुह्या तोंडाले ब्रेक नाई का? चालत्या गाडीत बोलू नोको, कितींदा सांगाव!" पण सांगता सांगता पाय ब्रेकवर जायचा, आणि सायकलवाली पोरगी पुढे निघून जायची. घरी येऊन ते काजलला म्हणायचे, "तुह्या सासूले म्हातारपन लागलं. अखंड बडबड." काजल हसायची. बाई पोळ्या लाटायच्या. तीन महिने रोज त्यांची छाती त्या अर्ध्या तासात धडधडायची, हे कोणाला दिसलं नाही. एकदा फाटकाला घासून व्हॅनचा डावा आरसा फुटला. नत्थूजींनी शेजाऱ्याच्या गाईवर आळ घेतला. बाईंनी मुकाट्याने काचा वेचल्या.

उन्हाळ्याची सुट्टी लागली. शाळा उघडायला दोन महिने. काजलने एक दिवस फोनवर माथेरानचे फोटो दाखवले. लाल माती, दाट झाडी, माकडं. "आई, इथे गाडीच नेता येत नाही. खाली नाक्यावर ठेवायची आणि पायी जायचं, नाहीतर घोड्यावर."

"गाडीच नाई?" बाईंचे कान टवकारले.

"आता बॅटरीच्या थोड्या रिक्षा आहेत म्हणे. बाकी काही नाही."

मनकर्णाबाईंनी आयुष्यात नवऱ्याजवळ साडी मागितली नाही, पण माथेरान मागितलं. चार दिवस स्टेरिंग दिसलं नाही तर सवय जरा सैल होईल, असा त्यांचा साधा हिशेब. तंबाखू सोडायला माणूस चार दिवस पानठेल्यापासून लांब राहतो, तसं. वर्ध्यात पारा शेहेचाळीसला टेकला होता, त्यामुळे नत्थूजीही कबूल झाले.

कल्याणला उतरून दोघं नेरळला आले आणि तिथून टॅक्सीत बसले. नत्थूजी पुढे, बाई मागे. घाटभर नत्थूजी टॅक्सीवाल्याशी अवाक्षर बोलले नाहीत, पण प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय खालच्या चटईवर दाबला जात होता. दस्तुरी नाक्यावर उतरल्यावर त्यांनी टॅक्सीवाल्या पोऱ्याच्या पाठीवर थाप मारली. "गाडी चांगली चालवतं. दुसऱ्या गिअरवर भरोसा ठेवजो." आणि मग शर्टाचा खिसा चाचपला. बाईंनी पाहिलं, खिशात व्हॅनची किल्ली होती. ज्या गावात गाडीच नाही, त्या गावात हा माणूस किल्ली घेऊन आला होता! बाईंचं अर्धं अवसान तिथेच गळालं.

पण जागा अशी, की रागसुद्धा टिकेना. बाजारात गर्दी होती, चिक्कीची दुकानं होती, पण वळण सरलं की सगळं शांत. पायाखाली लाल माती इतकी मऊ, की स्वतःच्या चपलेचा आवाज येईना. हॉर्न नाही, फटफटी नाही. बोरगावला सकाळी साडेपाचला दुधवाल्याच्या गाडीने जाग यायची, इथे एक पाखरू दूर कुठेतरी ओरडायचं आणि गप्प व्हायचं. मनकर्णाबाईंना वाटलं, डोक्यातला कुकर कोणीतरी गॅसवरून खाली उतरवला.

आणि नत्थूजी? विचारूच नका. पहिल्या दिवशी ते लॉजच्या ओट्यावर पिंजऱ्यातल्या वाघासारखे फिरले. बॅटरीची रिक्षा गेली तिला पाहून म्हणाले, "आवाज नाई, धूर नाई, इले गाडी म्हनतेत?" दुसऱ्या दिवशी चहा पिऊन गेले ते दुपारी आले. कुठे गेले होते? तर अडीच-तीन किलोमीटर उतरून दस्तुरी नाक्यावर! तिथे लोकांच्या गाड्या मागे घेताना हा गृहस्थ हात करत उभा. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बस!" लोकही थँक्यू म्हणायचे. पठ्ठ्या खूश. बाईंनी कपाळावर हात मारला. दारू सोडवायला नेलेल्या माणसाने दुसऱ्याच दिवशी गुत्ता शोधावा, तशी गत.

तिसऱ्या दिवशी त्याही सोबत नाक्यावर गेल्या. तासभर नवऱ्याची पार्किंग ड्यूटी पाहिली आणि चारच्या सुमारास दोघं परत निघाले. नत्थूजी दहा पावलं पुढे, त्या मागे. पायी चालतानाही तोच ड्रायव्हर आणि ह्या मागच्या सीटवर. पण त्या दिवशी बाईंना त्याचंही काही वाटलं नाही. झाडांतून ऊन गळत होतं. त्या वर बघत, जांभळाच्या झाडावरची माकडीण आणि तिचं पिल्लू बघत, गप्प चालल्या होत्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी रस्त्याची डावी बाजू पाहिली नाही.

घोडा डाव्या पायवाटेने आला. मऊ मातीत टापांचा आवाज नाही. घोडेवाला "बाजू, बाजू!" ओरडला तोपर्यंत नत्थूजी सरळ चालत जाऊन घोड्याच्या छातीवर आदळले आणि लाल मातीत पडले. घोडा बिचकून पुढचे पाय उचलायला लागला. वर एक पोर बसली होती, फ्रॉकवाली, इलाएवढीच. ती किंचाळली. घोडेवाल्याने एका हाताने लगाम आणि दुसऱ्या हाताने तिला धरलं, म्हणून बरं. नाहीतर काय झालं असतं, देवच जाणे.

"बाबा, एवढं मोठं जनावर दिसत नाही का?" घोडेवाला घाबरून ओरडला.

नत्थूजी मातीत बसले होते. त्यांनी त्या पोरीकडे पाहिलं. ती रडत होती. ते हळूच म्हणाले, "नाई दिसलं, भाऊ. डाव्या डोळ्यानं दिसतच नाई मले."

बायकोला नाही, पोराला नाही, एका अनोळखी घोडेवाल्याला त्यांनी ते सांगितलं. मनकर्णाबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी पुढे होऊन नवऱ्याला उठवलं, कडेच्या दगडावर बसवलं आणि पदराने पाठीवरची माती झटकली. घोडा गेला. पोरीचं रडणं लांब गेलं.

नत्थूजी म्हणाले, "तू काऊन नाई बोलली?"

"काय बोलू?"

"रोज त बोलतं. सायकल आली, बकरी आली. आज काऊन गप?"

बाईंच्या तोंडून निघून गेलं, "अठी गाड्या नाई ना वो. मले वाटलं, आज मले सुट्टी आहे."

नत्थूजी त्यांच्याकडे बघतच राहिले. बकऱ्या, बुढा, सायकलवाली पोरगी, सगळं एकेक करून त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. त्यांनी विचारलं, "मंजे शिबिरापासून?"

"हाव."

"अन् मी तुले म्हनत होतो का तोंडाले ब्रेक नाई."

"म्हना ना. मले काय झालं त्यानं?" बाई म्हणाल्या, पण त्यांचेही डोळे भरून आले. "मी होती म्हनून निभावलं. एखांद्या दिवशी मले ताप आला असता मंग? मांगं आपली इला बसते वो."

नत्थूजींनी खिशातून किल्ली काढली आणि बाईंच्या हातावर ठेवली. "घे. ठेव तुह्याजवळ."

बाईंनी ती परत त्यांच्या खिशात टाकली. "मी नाई घेत. मी घेतली त बायकोनं काढून घेतली म्हनतीन लोकं. द्यायची असन त काजलले द्या, आपल्या हातानं."

नत्थूजी उठले आणि चालायला लागले. चार पावलं जाऊन थांबले. मागे वळून म्हणाले, "मांगून काऊन येतं? इकडून ये." आणि त्यांनी डावा हात जरासा बाजूला धरला. लग्नाच्या पाटावर भटजींनी बसवलं होतं, त्यानंतर मनकर्णाबाई पहिल्यांदा नवऱ्याच्या डाव्या अंगाला, खांद्याला खांदा लावून चालल्या.

घरी आले. आठ दिवस गेले, पंधरा गेले. किल्ली खिशातच. नत्थूजी कोणाला काही बोलले नाहीत आणि बाईंनी विचारलं नाही, पण शाळा जवळ येत चालली तशा त्या रोज कॅलेंडर पाहायला लागल्या. शाळेच्या आदल्या संध्याकाळी नत्थूजींनी व्हॅन धुतली, हवा पाहिली, नवा डावा आरसा बसवला. 

सकाळी इला दप्तर घेऊन तयार. कैलास ऑफिसला निघत होता. नत्थूजी ड्रायव्हरच्या सीटवर बसले, किल्ली लावली, इंजिन सुरू केलं. बाई पायऱ्या उतरून नेहमीसारख्या डाव्या दाराकडे निघाल्या. आता काय, पुन्हा बडबड. त्या तयारीतच होत्या.

तेवढ्यात नत्थूजींनी वाकून सीट पुढे सरकवली. एक खाच, दोन खाचा. त्यांचे गुडघे स्टेरिंगला टेकले. मग ते खाली उतरले. "काजल, ये वं. सीट तुह्या हिशोबानं केली. आरसे तूच लाव."

काजल दारातच थिजली. कैलास म्हणाला, "बाबा, काऊन? तब्येत बरी नाही का?"

"तब्येत बरी आहे. डावा डोळा गेला. मी रिटायर झालो."

"तुमी त सहा वर्षांआधीच झालते."

"तवा सरकारनं केलतं. आज मी झालो."

बोलून ते मागच्या दाराने आत शिरले. इलाला पुढे बसवलं, स्वतः उजव्या खिडकीशी सरकले आणि डावीकडची जागा हाताने थोपटली. मनकर्णाबाई तिथे जाऊन बसल्या.  एकतीस वर्षं जी मान पाठ केली होती, तिच्याऐवजी शेजारी अख्खा माणूस बसला होता.

काजलने गिअर टाकला, गाडी जराशी उडी मारून निघाली. नत्थूजींचा उजवा पाय खाली दाबला गेला. वळणावर बाईंच्या तोंडून आपोआप निघालं, "बाई, थे सायकलवाली..."

"राहू दे," नत्थूजी म्हणाले. त्यांनी बाईंच्या हातावर हात ठेवला. "आता तुले सुट्टी."

आणि मग ते स्वतःच बोलायला लागले. उजवीकडचा कडुनिंब पाह्य, केवढा झाला. या वळणावर एकदा माही गाडी पंक्चर झालती, तू लुगड्याच्या ओटीत शेंगा घेऊन बसलती. कैलास पास झाल्याचं तू सेलूलेच सांगनार होती ना? मले आरशात तुहं तोंड पाहूनच समजलं होतं. मंग डेपो येईपर्यंत माहा जीव काई थाऱ्यावर नव्हता.

इलाने पुढच्या सीटवरून मान वळवली. "आजोबा! चालकाशी बोलायचं नसतं ना?"

"मी चालकाशी कुठी बोलून राह्यलो?" नत्थूजी म्हणाले. "मी तुह्या आजीशी बोलून राह्यलो."

शाळा येईपर्यंत ते बोलतच होते, आणि परत येतानाही.