फक्कीचा आठ

सुधाकररावांनी वाकून फक्कीचा डबा जमिनीलगत धरला आणि मागे मागे सरकत पहिला गोल काढायला घेतला. डब्याच्या बुडाला खिळ्यानं पाडलेल्या भोकांतून पांढरी रेघ पडत गेली. कुठं तुटली नाही, कुठं वाकडी झाली नाही. पहिला गोल मिटला तिथंच दुसरा सुरू झाला. इंदूरच्या लालबाग मैदानात मागच्या मेळ्यातल्या खांबांचे खड्डे अजून बुजले नव्हते, तेवढे चुकवून त्यांनी आठ पुरा केला. सकाळी याच हातांना शर्टाची बटणं लावता आली नव्हती. मधुरिमानं लावून दिली, तेव्हा ते तिला "थँक्यू, सिस्टर" म्हणाले होते.

"बघितलंस?" मधुरिमा हळूच म्हणाली.

"आठ येतो गं बाबांना," नचिकेत म्हणाला. "तुला ओळखतात का, ते दाखव."

"मी गाडीवर बसले की ओळखतात. तू थांब तिकडे झाडाखाली."

नचिकेत तिचा मोठा भाऊ. काल संध्याकाळी पुण्याहून आला होता. तिकडं त्यानं एक चांगली जागा शोधली होती, अशाच विसरत चाललेल्या म्हाताऱ्यांसाठी. परवाच्या विमानाची दोन तिकिटंही काढून ठेवली होती. तो दुष्ट नव्हता. आई गेल्यापासून मधु एकटी निभावतेय, दिवसा ऑफिस आणि रात्री अर्धी झोप, हे त्याला दिसत होतं. "कुणालाच ओळखत नाहीत, मग त्यांना इंदूर काय अन पुणं काय," असं त्याचं म्हणणं. त्यावर मधुरिमापाशी एकच उत्तर होतं, की रविवारी ते मला ओळखतात. शेवटी तो म्हणाला, ठीक आहे, मी डोळ्यांनी बघतो. ओळखलं तर तिकिटं रद्द.

सुधाकररावांची नोकरी परिवहन खात्यातली. तीस वर्षं त्यांनी लायसन्सच्या परीक्षा घेतल्या. अर्ध्या इंदूरनं त्यांच्यापुढं आठ काढला असेल. पाय टेकला की नापास, हा नियम. आता लोकांच्या पोराचा बूट जरासा घासला, तर साहेब तेवढ्यात कागद चाळायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरच्या पोरीला मात्र अठराव्या वर्षी भर रांगेसमोर दोनदा नापास केलं. तिसऱ्यांदा ते रजेवर असताना तिनं परीक्षा उरकून घेतली आणि पुढं इतकी वर्षं स्कूटीच चालवली. त्या लायसन्सबद्दल बापलेकींत कधी शब्द निघाला नाही.

ही मोटरसायकल तिनं मागच्या वर्षी घेतली. छोटीशी, वजनाला हलकी, सीट इतकी खाली की दोन्ही पाय आरामात टेकावेत. वर कसलं आवरण नाही. इंजिन, नळ्या, चेन, सगळं उघडं. "मॅडम, बिगिनर के लिए बेस्ट है," शोरूममधला मुलगा म्हणाला होता. पहिल्या रविवारी मैदानावर सुधाकरराव गाडीजवळ उकिडवे बसले, इंजिनावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हां, ही बरी. यात काही लपवलेलं नाही." मग मान वर करून म्हणाले, "मधु, बस."

चार महिन्यांनी तिनं स्वतःचं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं होतं. त्या दिवशी तिची गाडी खरोखरच बंद पडली, आणि त्यांनी तिला मनसोक्त झापलं. पुढच्या रविवारी ते सगळं विसरले होते, म्हणून धडा पुन्हा पहिल्यापासून. दोन महिन्यांत मधुरिमा त्याच गाडीनं ऑफिसला जायला लागली. रविवारी मात्र क्लच झटक्यात सोडायची आणि गाडी बंद पाडायची. शिकवायचं काही उरलं नाही, तर हाक मारायचं तरी काय कारण उरणार? त्यांनी तिला चालवताना बघू नये म्हणून शेजारचा ऋषभ गाडी मैदानावर आणून ठेवायचा आणि ती बाबांना घेऊन रिक्षानं यायची. नऊ महिने हे सोंग बिनबोभाट चाललं होतं. आज गाडी नचिकेतनं आणली होती, एवढाच फरक.

मधुरिमा सीटवर बसली. हेल्मेटची काच वर केली.

"बाबा, पहिला गियर खालीच ना?"

यावर ठरलेलं उत्तर होतं, खाली गं बाई, कितीदा सांगू. आज ते तिच्याकडं बघत राहिले.

"हो, खाली," ते म्हणाले. "आरामात."

तिनं क्लच सोडला. गाडीनं गचका खाल्ला आणि बंद पडली. ती वाट बघत राहिली. अगं धीरे से छोड ना, घरी दूध उतू जातंय का, असं आता येणार होतं.

सुधाकररावांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"होतं असं. घाबरू नका, मॅडम. नवीन आहात तुम्ही."

मधुरिमानं झाडाकडं नजर टाकली. नचिकेत पंचवीसेक पावलांवर उभा होता. त्याला ऐकू जाण्यासारखं नव्हतं, फक्त दिसत होतं. तिनं मान जरा वळवली.

"बाबा, मी मधु."

"मधु माझ्या मुलीचं नाव," ते खुश होऊन म्हणाले. "ती पण शिकतेय. दर इतवारी आणतो तिला इथं."

"येते का तिला?"

त्यांनी आजूबाजूला बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"येते ना. बढिया येते. तीस साल मी हेच बघितलं, मला नाही कळणार? मुद्दाम बंद पाडते."

"का?"

"मला बरं वाटावं म्हणून. मग मी पण ओरडतो जरा. तिला बरं वाटतं."

मधुरिमाला रडू आवरेना. तिनं काच खाली ओढून घेतली.

"तुम्हाला भेटली तर एक काम कराल, मॅडम?" सुधाकरराव म्हणाले. "माझ्या लक्षात राहील, नाही राहील. तिला म्हणावं, तू पास आहेस. मी दोनदा नापास केलं होतं तिला. पाय टेकला होता, पण ऐसा कोई खास नाही. दुसऱ्या कुणाचा असता तर सोडला असता. आता बस झालं म्हणावं. इतवार आपला आपल्यासाठी ठेव."

"सांगते," ती म्हणाली.

"हां. चला, आता आठ काढून दाखवा. पाय टेकला की नापास, आधीच सांगून ठेवतो."

तिनं गाडी चालू केली. या वेळी क्लच हळूच सोडला. पहिला गोल सहज निघाला. गाडी इतकी हलकी, की नजर जिकडं वळेल तिकडं आपणच वळत होती. दुसरा गोल अर्धा झाला. सुधाकरराव मान डोलावत होते, उजवा हात खिशाकडं जाऊन नसलेलं पेन चाचपत होता. दोन रेघा एकमेकींना छेदत होत्या ती जागा हातभर उरली. इथून पुढं गेलं की संपलं. पास झालेल्या माणसाला साहेब परत बोलावत नाहीत.

मधुरिमानं डावा पाय टेकवला.

"नापास," सुधाकरराव म्हणाले. त्यांनाच वाईट वाटलेलं दिसलं. "सगळं बरोबर होतं हो. इतक्या शेवटाला कुणी पाय टेकतं का?"

तिनं पाय उचलून गाडी रेघेबाहेर घेतली.

"पुढच्या इतवारी या परत."

"येते, साहेब."

नचिकेत तोवर जवळ आला होता. सुधाकरराव डबा उचलायला गेले, तसं त्यानं विचारलं, "काय झालं? ओळखलं?"

"नापास केलं," मधुरिमा म्हणाली.

नचिकेतनं फक्कीवर उमटलेला बूट बघितला. अठरा वर्षांपूर्वी तो त्या रांगेच्या बाजूला तिची पर्स धरून उभा होता.

"एवढ्याशावर?" तो म्हणाला. "म्हणजे ओळखलं. परक्याला असं नापास नाही केलं त्यांनी कधी."

तो हसायला गेला, पण डोळे पुसायची वेळ आली. मग खिशातून फोन काढून तिकिटं शोधू लागला. मधुरिमानं त्याला काही सांगितलं नाही. कधीतरी सांगेल. तिनं त्याच्या हातात किल्ली दिली, आणि तो गाडी घेऊन पुढं गेला.

रिक्षावाला रस्त्यावर थांबला होता. सुधाकरराव आधी चढले, आत सरकून बसले आणि शेजारची सीट हातानं झटकली.

"या, बसा मॅडम. राजेंद्र नगरकडं जायचं असेल तर सोडतो तुम्हाला. माझी मुलगी आज आलीच नाही, जागा आहे."

मधुरिमा फक्कीचा डबा मांडीवर घेऊन त्यांच्याशेजारी बसली.