सहा आठवडे चष्मा नको

मी नाक बोलतोय. आवाज बसका वाटला तर सांभाळून घ्या, आतून अजून सुजलेलो आहे.

माझ्या मधोमध एक उंचवटा होता, मालकिणीच्या आईच्या नाकावर आहे अगदी तसाच. त्यावर चष्मा असा बसायचा की वाकून फरशी पुसली तरी घसरायचा नाही. माझी मालकीण चष्म्यांच्या दुकानात काम करते. दिवसभर परक्या नाकांवर फ्रेम बसवायची आणि घरी येऊन आरशात माझ्यावर डोळे वटारायचे.

एकदा दुकानाच्या काचेवर मोठा फोटो लावायचं ठरलं. सात वर्षं काउंटरमागे उभं राहिल्यावर एकदा तरी आपण काचेवर दिसावं, एवढीच तिची इच्छा. दुकानाचे मालक म्हणाले, "चेहरा गोड आहे हो तुमचा. फक्त नाकाचं बघा काहीतरी."

फक्त! दुसऱ्याच्या हाडाबद्दल बोलताना माणसांना हा शब्द किती सहज सुचतो.

उंचवटा काढायच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं होतं. सात दिवसांनी पट्टी निघेल, डोळ्यांखालचं काळंनिळं दोन-तीन आठवड्यांत जाईल, सहा आठवडे चष्मा नको, आणि सूज पूर्ण उतरायला वर्षही लागेल. तिने, आईने आणि मालकांनी त्यातलं एवढंच ऐकलं: सात दिवस. फोटो विसाव्या दिवशी ठरला.

पट्टी निघाली आणि ती रोज उठल्याउठल्या मला टेपने मोजू लागली. सकाळी सूज जास्तच असते. "वाढलंय गं हे!" म्हणून रडायची.

"सकाळी कशाला मोजतेस?" आई म्हणायची. "वजन तरी कोणी जेवून उठल्यावर करतं का?"

विसाव्या दिवशी चष्म्याशिवाय रस्ता दिसेना, म्हणून आईच हात धरून तिला दुकानात घेऊन आली. मालकांनी नवी फ्रेम पुढे केली.

"सहा आठवडे चष्मा चालणार नाही," ती हळूच म्हणाली.

"अहो, जाहिरात चष्म्याची आहे!"

चष्मा नाकावर बसतो, हे चष्मे विकणाऱ्यांना तेव्हा आठवलं. फोटोग्राफरने फ्रेम चिकटपट्टीने कपाळाला लटकवून पाहिली. जाहिरात अपघाताची वाटू लागली. मग त्याची नजर कोपऱ्यात बसलेल्या आईकडे वळली.

"मावशी, जरा इथे बसता का?"

"मी? अरे, नाक बघितलंस का माझं?"

"तेच बघतोय. चष्मा कसा झक्क बसलाय!"

मालकांनीही मान डोलावली. कोणालाही लाज वाटली नाही.

आज चौथा महिना. काचेवर आई हसते आहे, माझ्या जुन्या उंचवट्यासकट. मालकिणीला आता चष्मा लावता येतो, पण तो घसरतो. दर दोन मिनिटांनी ती तो बोटाने वर ढकलते.

तुम्हाला एकच विनवणी. कोणाच्या चेहऱ्याकडे बघून 'फक्त' म्हणू नका. राहवतच नसेल, तर सुजायलाही तुम्हीच या.

काल दुकान उघडताना ती काचेपाशी थांबली. आईच्या नाकावरून तिने बोट फिरवलं, मग तेच बोट माझ्यावरून. मला काहीच कळलं नाही. मी अजून बधिर आहे.