साईनाथभाऊजींचं ग्रीक क्रियापद

शी! त्या माणसाचं नाव काढलं तरी मळमळतं मला. साईनाथभाऊजी, माझे मोठे दीर. ठाण्यात राहतात. रिटायर झाल्यापासून ऑनलाइन ग्रीक शिकलेत आणि आमच्या डोंबिवलीत येऊन व्याख्यानं झोडतात.

सासूबाई माझ्याकडे, अंथरुणाला खिळलेल्या. नवरा गेल्यापासून त्यांचं सगळं मीच करते, त्याचं मला काही नाही. पण माझं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर वजन उचलायचं नाही. तेवढा महिना आईंना ठाण्याला न्या म्हटलं, तर भाऊजींना म्हणे वास सहन होत नाही.

आणि त्याच आठवड्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात भाऊजींचं व्याख्यान. विषय काय, तर एक ग्रीक क्रियापद, स्प्लांख्निझोमाई. स्प्लांख्ना म्हणजे आतडी-काळीज. आधी बळी दिलेल्या जनावराच्या वजडीला तसं म्हणायचे. पुढे त्यावरून हे क्रियापद निघालं, दुसऱ्याचं दुःख बघून आतडं पिळवटणं. नुसतं पिळवटून भागत नाही म्हणे. जुन्या गोष्टींत हे क्रियापद आलं, की तो माणूस लगेच पुढे होऊन आजाऱ्याला हात लावतो. हे सांगताना भाऊजींनी डोळेसुद्धा पुसले. समोरच्या बायका गहिवरल्या. माझं डोकंच फिरलं.

आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. शाल-श्रीफळ झाल्यावर मी माईक घेतला आणि सांगून टाकलं, की भाऊजी उद्याच आपल्या आजारी आईला घरी नेतायत. टाळ्याच टाळ्या. आता चारचौघांत नाही कसं म्हणतील?

दुसऱ्या दिवशी आले, नाकाला रुमाल लावून. आईंचा डायपर नुकताच भरलेला. म्हटलं, एका बाजूने धरा, कुशीवर वळवू. त्यांनी धरलं, एकदा खाली बघितलं आणि तिथेच, आईंच्या पायांवर भडाभडा ओकले.

इतकी वर्षं त्या अंथरुणाची मला किळस आली नव्हती. त्या दिवशी आली.

आईंनी मात्र हात लांबवून त्यांच्या पाठीवरून फिरवला.

"रसिका, ह्याला लिंबूसरबत दे गं," त्या म्हणाल्या. "लांबून आलाय बिचारा. मला मग बघ."

सरबत दिलं. ते पिऊन भाऊजी एकटेच ठाण्याला गेले. मी आईंचे पाय धुतले, आणि दवाखान्यात फोन करून ऑपरेशन पुढे ढकललं.